दशमांश द्यायचा, पण कुठल्या कारणानं?

चंदीगडमध्ये कमाईचा दहावा हिस्सा देवाच्या नावानं बाजूला काढणारा माणूस कुणालाच विचित्र वाटत नाही. शीख शेजाऱ्यांच्या घरी दसवंध काढतात. त्यातून गुरुद्वाऱ्याचा लंगर चालतो, एखाद्या गरजू मुलाची फी भरली जाते. नांदेडच्या हुजूर साहिबमुळे मराठी माणसालाही ही रीत ऐकून माहीत असते. त्यामुळे सेक्टर १८ मधल्या क्राइस्ट चर्चला किंवा सेक्टर १९ मधल्या क्राइस्ट द किंग कॅथेड्रलला जाणाऱ्या कुटुंबाला ‘दहा टक्के कशाला देता?’ असं शेजारीपाजारी विचारत नाहीत. विचारतात ते घरातलेच. पहिला पगार हातात पडलेली मुलगी विचारते, गृहकर्जाचे हप्ते फेडणारा जावई विचारतो आणि मग जेवणाच्या टेबलावर बायबलमधला मलाखी संदेष्टा निघतो.

प्रश्न रास्त आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या शहरात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी. पण त्या मूठभर लोकांमध्ये पंजाबी, मल्याळी, मिझो, नागा, झारखंडी अशी सगळी सरमिसळ आहे. लष्कर, बँक किंवा पीजीआय रुग्णालयातल्या नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबंही त्यात असतात. सेक्टर १८ मधलं चर्च ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं आहे, ते स्थापन झालं तेच मुळी नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० ला, सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन. त्यामुळे अहिल्यानगरकडच्या मंडळीत वाढलेल्या माणसाला सेक्टर १८ मधली उपासना फारशी परकी वाटत नाही. मात्र एकाच बाकावर बसलेल्या चौघांची देण्याची रीत चार तऱ्हांची असू शकते आणि चौघेही पवित्र शास्त्राचाच आधार देतात.

म्हणून दशमांशाचा विचार करताना आकड्यापासून सुरुवात करू नये. आधी कारण ठरवावं. शास्त्रात दहाव्या हिश्श्याची कारणं एकाहून जास्त आहेत आणि पैसा केव्हा काढायचा, कुणाच्या हातात द्यायचा, कशावर मोजायचा याचं उत्तर प्रत्येक कारणाप्रमाणे बदलतं. बहुतेक घरांतले वाद इथूनच उगवतात: एक जण एका कारणानं बोलत असतो, दुसरा दुसऱ्या.

सगळ्यात जुना दाखला अब्राहामाचा. उत्पत्तीच्या १४व्या अध्यायात तो लढाईहून परतताना मलकीसदेक नावाच्या राजा-याजकाला दहावा भाग देतो. पुढे २८व्या अध्यायात याकोब बेथेलला नवस बोलतो, की देवानं सुखरूप परत आणलं तर मिळेल त्याचा दहावा हिस्सा देईन. मोशेचं नियमशास्त्र यानंतरचं. दशमांशाचा आग्रह धरणारे नेमकं यावर बोट ठेवतात: नियमशास्त्राच्या आधीपासून जे चालत आलं, ते नियमशास्त्राबरोबर संपलं असं म्हणता येत नाही. समोरचा पक्ष म्हणतो, अब्राहामानं दिला तो लुटीतला हिस्सा, तोही एकदाच. दर महिन्याचा उल्लेख कुठे आहे? दोन्ही बाजूंना वजन आहे आणि हा वाद घरच्या टेबलावर मिटणार नाही. मिटवायची गरजही नाही.

लेवीयच्या २७व्या अध्यायात पहिलं कारण स्पष्ट होतं. जमिनीचं पीक, झाडाचं फळ, कळपातून काठीखालून जाणारं दर दहावं जनावर हे परमेश्वराचं. म्हणजे माणूस आपल्यातलं काही देत नाही, ज्याचं आहे त्याला परत करतो. हे कारण ज्याला पटलं, त्यानं महिनाअखेरी उरलंसुरलं देऊ नये. पगार जमा झाला की पहिली रक्कम तीच निघावी. सुगीच्या सणांमागे हाच विचार आहे. गोव्यात ऑगस्टमध्ये नव्या कणसांना आशीर्वाद देतात, मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजाचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत सुगीच्या उपासनेला ज्वारी, भोपळे, अंडी, कधी पाय बांधलेली कोंबडी वेदीपुढे येते आणि उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. भोपळा घेणारा तो पुन्हा अर्पण करतो, बोली पुन्हा सुरू होते आणि एका भोपळ्याचे पैसे तीनदा जमा होतात. सेक्टरांच्या शहरात कोंबडी येत नाही, बँकेचा मेसेज येतो. पण पहिल्या तारखेला आपोआप रक्कम वळती करण्याची सूचना बँकेत देऊन ठेवली, की तत्त्व तेच राहतं.

पगारदारांनी मिझोरामची रीतही पाहावी. चंदीगडच्या कॉलेजांत मिझो मुलंमुली असतात, त्यांना विचारलं तर ती सांगतील. तिथे १९१० पासून ‘बुहफाई थम’ चालतं. घरची बाई भात रांधायला तांदूळ मापून घेते आणि शिजवण्याआधी त्यातला मूठभर वेगळ्या डब्यात टाकते, दर वेळच्या स्वयंपाकाला. तो तांदूळ चर्चकडे गोळा होतो, विकला जातो आणि त्या पैशांतून सुवार्तेचं काम चालतं. ज्यांच्या हातात रोख पैसा कधी खेळलाच नाही, अशा बायकांनी हे सुरू केलं. तळेगावच्या काचकारखान्यासाठी घरोघरचा एकेक पैसा जमवणाऱ्या पैसा फंडाच्या महाराष्ट्राला या मुठीची किंमत समजावून सांगायला नको. ज्या घरात दहा टक्क्यांचा आकडा ऐकूनच छाती दडपते, तिथे मुठीपासून सुरुवात करावी. नियमितपणा आधी, टक्का नंतर.

दुसरं कारण अगदी व्यवहारी आहे. इस्राएलाच्या बारा वंशांत जमीन वाटली गेली, तेव्हा लेवी वंशाला शेतीचा वाटा मिळाला नाही. त्यांनी निवासमंडपाची सेवा करायची आणि बाकीच्यांनी त्यांना दशमांशातून पोसायचं, असं गणनाच्या १८व्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात पुढे लेव्यांनाही आपल्याला मिळालेल्या दशमांशाचा दहावा भाग याजकांना द्यायला सांगितलं आहे. घेणारा देण्यातून सुटलेला नाही. हा भाग उपदेशात क्वचितच ऐकू येतो. हिस्सा आटला की काय होतं, ते नहेम्याच्या १३व्या अध्यायात आहे: लेवी सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले.

महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनी या प्रश्नाला वेगळ्या रूपात तोंड दिलं. मिशनचा पैसा होता तोवर पाळकाचा पगार मिशन देई आणि लोकांच्या झोळीवर फारसं अवलंबून नसे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला निघाले, त्यामागे परक्या पैशावर उभी असलेली मंडळी आपली कशी म्हणायची, ही टोचणी होती. आज तो पगार बाहेरून येत नाही. वीजबिल, इमारतीची डागडुजी, पाळकाच्या घराचा खर्च हे सगळं मंडळीच्या अर्पणातूनच भागवायचं असतं. म्हणून ज्या मंडळीत कुटुंबाचा बाप्तिस्मा, लग्न, दफन होतं, आजारपणात जिथला पाळक दवाखान्यात येऊन बसतो, तिथल्या थैलीचा हक्क पहिला. यूट्यूबवरचा उपदेशक कितीही रसाळ बोलत असला, तरी रात्री दोनला पीजीआयच्या इमर्जन्सीत तो येत नाही.

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ या कारणावर सर्वांत काटेकोर. पुण्याच्या स्पायसर विद्यापीठामुळे हा पंथ मराठी लोकांना ऐकून माहीत आहे. त्यांच्यात दशमांश आणि अर्पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दशमांश स्थानिक मंडळीत खर्च होत नाही, वरच्या संघटनेकडे जातो आणि त्यातून धर्मसेवकांचे पगार होतात. चर्चचं छत गळत असेल तर त्यासाठी वेगळं अर्पण द्यावं लागतं. कॅथलिकांमध्ये याच्या अगदी उलट: चर्चच्या गरजांना हातभार लावणं हे कॅनन लॉच्या २२२व्या कलमानं कर्तव्य मानलं आहे, पण टक्का कुठेच ठरवलेला नाही. सेक्टर १९ मधल्या कुटुंबानं तीन टक्के दिले म्हणून कुणी पाप केलं असं होत नाही.

तिसऱ्या, म्हणजे गरजूंच्या, कारणाशी येईपर्यंत बहुतेकांचा श्वास संपतो, खरं तर शास्त्र इथे सगळ्यात बोलकं आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १४वा अध्याय सांगतो, की दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा आणि तो लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खायचा. त्याच अध्यायात त्याआधी आणखी एक मजेची गोष्ट आहे. दशमांश घेऊन देवानं निवडलेल्या ठिकाणी जायचं आणि सहकुटुंब तिथे तो खायचा. वाट लांबची असेल तर धान्य विकून चांदी न्यायची आणि तिथे पोचल्यावर मनाला येईल ते घ्यायचं: बैल, मेंढरं, द्राक्षारस. देवापुढचं जेवण हाही दशमांशाचाच खर्च. दशमांशाच्या उपदेशात हा भाग वाचला जात नाही, याचं आश्चर्य वाटायला नको.

तिसऱ्या वर्षाचे हक्कदार चंदीगडमध्ये शोधावे लागत नाहीत. सेक्टर १२ मधल्या पीजीआयच्या आवारात हिमाचल, हरियाणा, पंजाब, जम्मूहून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक पथारी टाकून रात्री काढतात. ‘लंगर बाबा’ म्हणून ओळखले जाणारे जगदीशलाल आहुजा यांनी तिथे वर्षानुवर्षं जेवण वाटलं, त्यासाठी स्वतःच्या मालमत्ता विकल्या आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ते ख्रिस्ती नव्हते. पण अनुवादातला ‘परका’ कोण, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. काही कुटुंबं दहातले सात मंडळीला आणि तीन अशा कामाला देतात, काही आधी सगळे मंडळीला देऊन गरिबांसाठी वरून वेगळं काढतात. शास्त्रात याचं गणित बांधून दिलेलं नाही. वर्षाच्या सुरुवातीला नवरा-बायकोनं एकत्र बसून वाटणी ठरवावी आणि कुठेतरी लिहून ठेवावी. लिहिलेलं नसलं, की थैली पुढे आली त्या क्षणाच्या मूडवर रक्कम ठरते.

आता मलाखी. दशमांशाच्या उपदेशात सर्वांत जास्त वापरलेला हा तिसरा अध्याय: सगळा दशमांश भांडारात आणा, मग आकाशकपाटं उघडतात की नाही याची परीक्षा पाहा, अशा अर्थाचं आव्हान त्यात आहे. भांडार म्हणजे मंदिरातलं खरंखुरं कोठार होतं, त्यात धान्य भरायचं, ते लेव्यांच्या पोटासाठी. आव्हान एका राष्ट्राला होतं आणि आशीर्वाद पावसाचा नि पिकाचा होता. ‘अमुक रकमेचं बी पेरा, शंभरपट येईल’ हा सौदा त्यात नाही. शिवाय त्याच पुस्तकाचे पहिले दोन अध्याय याजकांवर कोरडे ओढणारे आहेत: ते आजारी, लंगडी जनावरं वेदीवर चढवतात म्हणून. तिसरा अध्याय वाचून दाखवणाऱ्यानं पहिलाही वाचावा, एवढी अपेक्षा श्रोत्यांनी ठेवायला हरकत नसावी. पंजाब आणि चंदीगडच्या परिसरात मोठमोठ्या मंडपांची स्वतंत्र सेवाकार्यं उभी राहिली आहेत. त्यातली सगळीच वाईट नाहीत, पण बरं होण्याची किंवा व्हिसा मिळण्याची हमी आणि अर्पणाची रक्कम एकाच वाक्यात आली, की तिथून उठावं.

नव्या कराराकडे वळलं, की दहाचा आकडा मागे पडतो. मत्तयाच्या २३व्या अध्यायात पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दशमांश मोजून देणाऱ्या परुश्यांना येशू खडसावतो, कारण न्याय, दया आणि विश्वास त्यांनी सोडून दिले होते. मात्र ते देणं सोडा, असंही तो म्हणत नाही. प्रत्येक पक्ष यातलं आपल्याला हवं ते अर्धं वाक्य उचलतो. गरीब विधवेच्या दोन नाण्यांची त्यानं स्तुती केली, तिथे टक्का शंभर होता. पौल करिंथच्या लोकांना आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीच्या मानानं बाजूला काढायला सांगतो आणि दुसऱ्या पत्रात कुरकुरत किंवा दडपणाखाली देऊ नका, असंही बजावतो. ही वर्गणी होती यरुशलेमच्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी. त्यामुळे आज प्रॉटेस्टंट मंडळ्यांतले पुष्कळ पाळक दहा टक्क्यांना कायदा न मानता सुरुवातीची खूण मानतात: ज्याला जमतं त्यानं तिथेच थांबू नये, ज्याला जमत नाही त्यानं लाजू नये.

पण दडपणाखाली देऊ नका हे चर्च स्वतःच अनेक शतकं विसरलं. इ. स. ५८५ मध्ये फ्रान्समधल्या माकोंच्या धर्मपरिषदेनं दशमांश सक्तीचा केला, पुढे शार्लमेननं त्याला राजसत्तेची जोड दिली आणि युरोपचा शेतकरी हजारेक वर्षं पेंढ्या मोजून देत राहिला. फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीनं तो रद्द केला. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्यानं धान्याऐवजी पैसे घ्यायला सुरुवात झाली. सक्तीच्या दशमांशानं चर्चला जमिनी दिल्या आणि लोकांचा राग दिला.

हिशेबाकडे येऊ. समजा, पगार ६०,००० रुपये आहे आणि प्रॉव्हिडंट फंड, प्राप्तिकर वगैरे कापून हातात ५०,००० येतात. दशमांश सहा हजार की पाच? दोन्ही रीती चालतात, फक्त एक धरावी आणि शेवटपर्यंत सांभाळावी. पूर्ण पगारावर दिलं असेल तर निवृत्तीच्या वेळी फंडातल्या आपल्या वर्गणीवर पुन्हा देण्याचं कारण उरत नाही; हातातल्या रकमेवर दिलं असेल तर फंड मिळेल तेव्हा तो भाग आठवावा लागतो. दुकानदारानं गल्ल्यावर नव्हे, नफ्यावर मोजावं. मालाचे पैसे त्याचे नसतातच.

कर्ज असेल तर? सावकाराचं किंवा क्रेडिट कार्डाचं चढ्या व्याजाचं कर्ज असताना उसने काढून दशमांश भरू नये. मार्कच्या ७व्या अध्यायात, देवाला अर्पण केलं असं सांगून आईवडिलांना मदत नाकारणाऱ्यांना येशूनं सुनावलं आहे. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल तीमथ्याच्या पहिल्या पत्रात आणखी कडक शब्द आहेत. टिळकांचा हात किती सढळ होता आणि त्यापायी घरात कशी ओढाताण व्हायची, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त सविस्तर आहे. देणारा संत असला तरी डबे रिकामे झाल्याचं बायकोलाच आधी कळतं. जोडीदार ख्रिस्ती नसेल किंवा त्याला हे पटत नसेल, तर स्वतःच्या कमाईतून, त्याला सांगून द्यावं. लपवून दिलेल्या दशमांशानं घरात पडलेली फट पुढे बुजवता येत नाही.

पैसे दिले की आपलं काम संपलं, असं काही जण म्हणतात. शास्त्र तसं म्हणत नाही. यरुशलेमची वर्गणी नेताना पौलानं ती एकट्यानं नेली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेले भाऊ पाठवले, कुणी बोट दाखवू नये म्हणून, आणि हे कारण पत्रात उघड लिहिलं. पंजाबच्या मातीतला दाखलाही याच बाजूचा आहे: शिखांमध्ये दसवंध गोळा करणारे मसंद पुढे मुजोर झाले, तेव्हा गुरू गोविंदसिंहांनी ती व्यवस्थाच मोडून टाकली. थैली दोघांनी मिळून मोजावी, वहीत रक्कम लिहून दोघांनी सही करावी, पाकिटावर नाव असेल तर पावती मिळावी, वर्षाला लेखापरीक्षित हिशेब सभासदांपुढे यावा. यात अविश्वास काही नाही. महाराष्ट्रात चर्चची विश्वस्त संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली येते आणि हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. चंदीगडला तो कायदा लागू नाही. तिथे १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालची नोंदणी किंवा ट्रस्टचा दस्त आहे का, ते विचारावं. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर मोबाइलवर संस्थेचं नाव येतं की एखाद्या व्यक्तीचं, हे रक्कम टाकण्याआधी पाहावं.

करसवलतीची आशा फारशी धरू नये. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ८०जी कलमाची सवलत धर्मादाय कामासाठी होती. निव्वळ धार्मिक संस्थेला दिलेली देणगी सहसा त्यात बसत नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. नवी करप्रणाली निवडलेल्याला ही वजावट तशीही मिळत नाही. जुनी प्रणाली असेल आणि दशमांशातला काही भाग या सवलतीची मान्यता असलेल्या दवाखान्याला किंवा अनाथाश्रमाला जात असेल, तर तेवढ्यापुरती पावती, पॅन आणि देणगीचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र मागून घ्यावं. २,००० रुपयांवरची देणगी रोख दिली तर वजावट नाही. योगायोगानं बहुतेक अशा देणग्यांची कमाल मर्यादाही समायोजित एकूण उत्पन्नाच्या दहा टक्के हीच आहे.

आणि या शहरात पुष्कळ घरांतून कुणीतरी कॅनडात आहे, तेव्हा एवढं लक्षात ठेवावं. मुलगा अजून भारतीय नागरिक असेल, तर तिथल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत त्यानं इथल्या मंडळीला पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. त्यानं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं, ओसीआय कार्ड असलं तरी, की तीच रक्कम परकीय देणगी होते. ती २०१० च्या परकीय देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येते. मंडळीची अशी नोंदणी नसेल तर आईवडिलांच्या खात्यातून वळवून देण्याची शक्कल लढवू नये. त्याचा दशमांश त्यानं तिथेच, ब्रॅम्प्टनच्या किंवा सरेच्या चर्चमध्ये द्यावा.